बिबट्या आणि तिरकी रेघ

(कुंभार पिंपळगाव, २००३. ओसरीवर संगणक. समोर मच्छिंद्रआबा, त्यांची बायको द्वारकाबाई आणि नात सत्यशीला. ती आबांच्या गोष्टी इंटरनेटवर टाकतेय; पडद्यावर एक गोष्ट अर्ध्यावरच थांबलीय.)

मच्छिंद्र : थांबली तर थांबू दे की गोष्ट! बराबर जागेवर थांबली. बिबट्याचं शेपूट माझ्या मुठीत, ऊस गदागदा हालून राह्यला, तेवढ्यात द्वारका म्हणाली... बास. खतम!

द्वारकाबाई : अन् मी काय म्हणले, ते?

सत्यशीला : तेच तर पडद्यावर येत नाही, आजी. तू तोंड उघडलंस की गोष्ट तुटते. सगळ्याच गोष्टींत.

द्वारकाबाई : जल्मभर ह्यांनी तोडली, आता मशीन तोडून राह्यलं.

मच्छिंद्र : मशीन हुशार हाय.

सत्यशीला : हुशार कुठलं! आपण अख्खी गोष्ट अवतरणचिन्हांत बांधून त्याला देतो. आत आजीच्या बोलण्यालाही तेच चिन्ह. ते दिसलं की त्याला वाटतं, झाली गोष्ट. म्हणून त्या चिन्हाआधी एक तिरकी रेघ द्यायची. मग त्याला कळतं, हे गोष्टीतलंच आहे, पुढे वाच.

मच्छिंद्र : म्हंजे हिच्यापुढं भालदार उभा करायचा! अगं, माझ्या गोष्टी पोतंभर. बोटं झिजतील तुझी. राहू दे.

सत्यशीला : हातानं नाही, आबा. त्याचं एक छोटं मॉड्यूल लिहिलंय. एकदाच लिहायचं. मग कोणतीही गोष्ट येवो, रेघा तेच देतं.

मच्छिंद्र : कोणतीबी? मंग बिबट्याची तेवढी वगळ.

सत्यशीला : का बरं?

मच्छिंद्र : उद्या पुण्यात तुझा काका शिवाजी लेकरांना घेऊन हे पाहणार न्हाई का? बिबट्यावाला आबा म्हणत्यात मला लेकरं. अन् हिचं बोलणं तू लिहून घेतलंस तरी कवा?

द्वारकाबाई : तुम्ही बाजाराला गेल्ते तवा.

मच्छिंद्र : झालं! शेजारच्या सांडूच्या वासराचं नाव घेतलं असंल हिनं.

सत्यशीला : कोणतं वासरू, आबा?

मच्छिंद्र : कोणतंबी न्हाई! द्वारके, तूच सांग, अंकुशनगरच्या त्या उसात धुराळा किती व्हता!

द्वारकाबाई : बिलकुल दिसत नव्हतं. लाव गं तू, लाईट जायच्या आत.

सत्यशीला : लावलं. आली बघा पूर्ण! वाचते. "तेवढ्यात द्वारका म्हणाली, 'सोडा त्याला. बिबट्या असला म्हणून काय झालं, त्याची बी माय वाट बघत असंल.'"

मच्छिंद्र : ...द्वारके, अगं, ते तर वासरू...

द्वारकाबाई : हळू बोला. मशीन ऐकंल.