जखम दिसावी म्हणून

लेबर कोर्टाच्या बाकावर रंभाबाई आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. आतून एक तुळतुळीत डोक्याचा माणूस एका म्हाताऱ्याला धरून आला आणि शेजारी टेकला. तेवढ्यात त्याच्या ओळखीचं कोणीतरी समोर थबकलं. रंभाबाईने मान खाली घातली, पण कान तिकडेच होते.

“हिलालभाऊ, कोण वारलं?”

“कोणी नाही, योगराज. पांडेसऱ्याच्या कारखान्यात मागावरचं शटल उडून डोक्यात बसलं होतं ना, त्याची भरपाई मागतोय.”

“मग हे मुंडण?”

“जखमेवर केस आले. वकील म्हणाला, साहेबांना खूण दिसली पाहिजे, दर तारखेला डोकं भादरून या.”

“शटल अडवायची जाळी मागाला नव्हती, हे शेठ कबूल करतो का?”

“शेठ म्हणतो, हा त्या दिवशी कामावरच नव्हता. बाप मेला म्हणून गावी गेला होता, डोकं तिकडेच फुटलं.”

“त्याच्या बाजूने साक्षीला कोण?”

“डिंडोलीतले आमचेच दोन शेजारी. याचं मुंडण आम्ही डोळ्यांनी पाहिलं, म्हणाले. त्यात खोटं काय?”

“आता रे?”

“आता वडिलांनाच गावाहून आणलंय. हे काय, बसलेत. जिवंत आहेत, एवढंच दाखवायचं.”

रंभाबाईने न राहवून मान वर केली. म्हातारा तिच्याकडेच बघत होता.

“आज आमचं प्रकरण निघालंच नाही, बाई. पुढची तारीख दिवाळीनंतर पडली. वकील हात जोडून म्हणाला, आबा, तेवढं तोवर टिकून राहा.”