वायरमनचा अंगठा

मुकादम – ओरडू नका मॅडम, घसा फुटेल. पलीकडे काही ऐकू जाणार नाही. मधे निम्मा डोंगर येऊन बसलाय.

मॅडम – मग काय करू? हातावर हात ठेवून बसू?

मुकादम – बसा किंवा उभ्या राहा, पण हळू बोला. वरचं छत अजून ठरवतंय, पडायचं की राहायचं. आपण आवाज करून त्याला आठवण कशाला करून द्यायची?

मॅडम – तुमचे जावई कसे आहेत?

मुकादम – श्वास चालू आहे. उजवा हात कोपरापासून पुढे लोखंडी कमानीखाली गेलाय. कमान मला एकट्याला हलायची नाही, आणि हलली तरी हलवायची हिंमत नाही. वरचं सगळं तिच्यावरच टेकलंय. ए बाळा, ऐकतोयस ना? डोळे मिटू नकोस.

वायरमन – जागा आहे मामा.

मुकादम – शाबास. बोगद्याला उजेड देणारा माणूस तू. तूच डोळे मिटलेस तर कसं व्हायचं?

मॅडम – काका, एक मिनिट. गप्प बसा. तो आवाज ऐकलात?

मुकादम – कुठला?

मॅडम – वरून. घरघर.

मुकादम – अरे हो! ड्रिल मशीन! आले मॅडम, आले आपल्याला काढायला! बाळा, ऐक, आले बघ!

मॅडम – आपल्याला काढायला नाही आले.

मुकादम – असं काय अभद्र बोलता?

मॅडम – आपण आत आहोत हे कुणाला माहीत आहे? जेवणाच्या सुट्टीला सगळे बाहेर पडले. माणसं मोजून कळवतं कोण?

मुकादम – मीच.

मॅडम – काय कळवलंत?

मुकादम – सगळे बाहेर. तेव्हा मला वाटलं हा पुढे गेला असेल. मग डबा उघडायला गेलो तर याचा डबा तसाच. म्हणून परत आत आलो, याला दोन शब्द सुनावायला.

मॅडम – आणि माझी गाडी ड्रायव्हर डिझेल भरायला घेऊन गेला. ती जाताना दिसली की सगळ्यांना वाटणार, मोजणीच्या मॅडम गेल्या. काका, बोगदा रिकामा आहे असं धरून चाललेत ते.

मुकादम – रिकामा आहे तर मशीन कशाला लावतील?

मॅडम – डोंगरावर वस्ती आहे. खालची पोकळी तशीच राहिली तर घरं खचतील. म्हणून वरून भोक पाडायचं आणि पोकळीत सिमेंटचा माल ओतायचा. पलीकडच्या तोंडाला मागच्या वर्षी तेच केलं होतं.

मुकादम – पोकळी म्हणजे...

मॅडम – आपण बसलोय ती.

मुकादम – अगं आई गं.

वायरमन – मामा, काय झालं?

मुकादम – काही नाही रे. मॅडम हिशेब समजावून सांगतायत. मॅडम, किती वेळ आहे?

मॅडम – माहीत नाही. मशीन कुठलं लावलंय त्यावर आहे. काका, मला भीती वाटतेय.

मुकादम – मलाही वाटतेय. अंधार आहे म्हणून अब्रू वाचली. हात द्या इकडे. हं. आता सांगा, तुमच्या फोनवर काही येतं का?

मॅडम – डोंगराच्या पोटात रेंज कुठली येणार? तुमच्या फोनवर?

मुकादम – माझा तर बटणाचा फोन. तो उघड्यावरही कुरकुरतो.

मॅडम – थांबा. तो भिंतीवरचा राउटर! तडे मोजायची यंत्रं त्याला जोडली आहेत. त्याला बॅटरी आहे. तुमच्या हातातला दिवा पेटवा, इकडे मारा. इकडे नाही, डावीकडे, वर. आहे! लोंबकळतोय, पण चालू आहे.

मुकादम – पण त्याची वायर दगडाखाली गेली असेल ना?

मॅडम – ती बोगद्यातून जातच नाही. सरळ वर जाते, मोजणीच्या बोटभर भोकातून. मीच जागा दाखवली होती. दिवा जवळ आणा. हिरवा लागलाय, म्हणजे वीज आहे. त्याच्या शेजारचा लाल आहे, म्हणजे बाहेरची लाइन नाही.

मुकादम – झालं. दुष्काळात तेरावा महिना.

मॅडम – नाही, नाही, वायर खाचेतून निसटलीये. तिची चिमटी तुटलीये. मी दाबून धरते, तुम्ही रंग बघा.

मुकादम – लाल. लाल. अजून लालच. मॅडम, लुकलुकायला लागला! हिरवा झाला!

मॅडम – कागदाची घडी द्या काहीतरी, खाचेत खुपसते. हं, बसली. आता माझा फोन... पासवर्ड चुकीचा म्हणतोय.

मुकादम – पण तुमचा फोन तर रोज लागायचा त्याला.

मॅडम – लागायचा. पासवर्ड बदललाय कुणीतरी.

वायरमन – मी बदलला.

मुकादम – तू? कधी? कशाला?

वायरमन – सकाळी. पोरं सिनेमे बघायची त्यावर. यंत्रांची लाइन अडकायची. मॅडमना संध्याकाळी सांगणार होतो.

मॅडम – बरं केलंत, हरकत नाही. आता सांगा. नवा काय ठेवलाय?

वायरमन – बोगदा... एक दोन तीन.

मॅडम – तो जुना, भाऊ. तो मी टाकला. नवा आठवा.

वायरमन – लाल, पिवळा, निळा.

मॅडम – हा पासवर्ड आहे?

वायरमन – लाल, पिवळा, निळा, मग काळा. काळा शेवटी जोडायचा.

मुकादम – वायरींचे रंग बरळतोय तो. बाळा, इकडे बघ. माझ्याकडे बघ. आज सकाळी त्या राउटरमध्ये काय लिहिलंस?

वायरमन – मामा, थंडी वाजतेय.

मॅडम – रंग टाकून बघितले. इंग्रजीतून टाकले, आकडे जोडून टाकले. नाही लागत.

मुकादम – त्या राउटरला मागे भोक असतं ना? पिन खुपसली की सगळं मूळपदावर येतं म्हणतात. हा घरी करायचा तसं.

मॅडम – असतं. पिन खुपसली की राउटर कोरा होतो, मागच्या चिकटपट्टीवरचा कारखान्याचा पासवर्ड चालतो. पण बाहेरच्या लाइनसाठी यांनी जे नाव-नंबर आत भरलेत, तेही पुसले जातात. मग राउटर आपल्याला ओळखेल आणि राउटरला बाहेरचं कुणी ओळखणार नाही. एवढा एक धागा उरलाय, तो आपल्याच हाताने तोडायचा?

मुकादम – नको नको. हात लावू नका त्याला. मॅडम, आवाज जवळ आला का हो?

मॅडम – माती पडायला लागलीये. बघू नका वर.

मुकादम – तुम्ही सांगितलंत आणि मी बघितलं.

मॅडम – काका, यांचा फोन कुठे आहे? पासवर्ड यांनी बदलला, म्हणजे यांचा फोन नव्या पासवर्डवर जोडलेला असणार!

मुकादम – खिशात असेल. बाळा, जरा कूस... राहू दे, हलू नकोस. मीच काढतो. हा घ्या. काचेचा चुरा झालाय.

मॅडम – अर्धा पडदा मेलाय. वरचा अर्धा दिसतोय. आणि जोडलेला आहे काका, जोडलेला आहे! पण कुलूप लागलंय. भाऊ, फोनचा नंबर सांगा. उघडायचा नंबर.

वायरमन – नंबर नाही. अंगठा.

मॅडम – नंबरही असतो. अंगठा चालला नाही तर लागतो तो.

वायरमन – तिने ठेवलाय. मला नाही येत. मी अंगठाच लावतो.

मॅडम – हा अंगठा लावते हं. नाही घेत. पुसून लावते. नाही घेत, काका.

मुकादम – तो डावा आहे, मॅडम.

मॅडम – भाऊ, अंगठा कुठला? डावा की उजवा?

वायरमन – उजवा.

मॅडम – नक्की आठवा.

वायरमन – उजवाच. उजव्या हातानेच सगळं करतो मी.

मुकादम – उजवा कमानीखाली आहे.

मॅडम – माहीत आहे.

मुकादम – फटीतून माझा हात जाईल. चाचपला होता मघाशी. द्या फोन.

मॅडम – आणि कमान बसली तर?

मुकादम – तर सासरा-जावई एका माळेचे मणी होऊ. द्या म्हणतो ना.

मॅडम – बोट लावायची जागा फोनच्या पाठीवर आहे. वर मधोमध, गोल खळगा आहे तिथे. पाणी आहे का?

मुकादम – बाटलीत तळाशी आहे.

मॅडम – रुमाल भिजवून न्या. आधी अंगठा पुसा, मग कोरडा करा, मगच लावा. सारखं चुकलं तर फोन अंगठा घेणंच बंद करेल. मग नंबरच मागेल.

मुकादम – आणि नंबर माझ्या लेकीकडे. बरं. बाळा, हे मी येतोय तुझ्या कुशीत. दुखलं तर शिव्या दे. सासरा आहे म्हणून भीड धरू नकोस. दिवा धरा, मॅडम. आणखी खाली.

मॅडम – खडे पडतायत तुमच्या पाठीवर.

मुकादम – मला कळतंय ते. मनगट लागलं. बोटं लागली.

मॅडम – काय झालं? काका? थांबलात का?

मुकादम – गार आहेत हो. बर्फासारखी.

मॅडम – काका, अंगठा पुसा.

मुकादम – पुसतो. बाळा, मी तुझा अंगठा धरलाय. कळतंय का?

वायरमन – नाही, मामा.

मुकादम – बरं. नसू दे. लावतो आता. फोन थरथरला.

मॅडम – थरथरला म्हणजे चुकला. उघडला की टक् करतो. दाबू नका, नुसता टेकवा. सबंध अंगठा.

मुकादम – पुन्हा थरथरला.

मॅडम – ओल राहिलीये. तुमच्या हातात धरून थोडी ऊब द्या. घाई नको.

मुकादम – घाई नको म्हणता आणि वर तो यम घरघरतोय.

मॅडम – मला माहीत आहे. तरी घाई नको.

मुकादम – लावतो. टक् वाजलं! वाजलं मॅडम!

मॅडम – बाहेर काढा! पडदा विझू देऊ नका, सारखं बोट लावत राहा! द्या. द्या इकडे. यावर खालची अक्षरं दिसत नाहीत, माझाच फोन जोडायला हवा. सेटिंग... वाय-फाय... इथे असतं, दुसऱ्याला जोडायचं चौकोनी चित्र. आलं! अरे देवा.

मुकादम – आता काय?

मॅडम – चित्र मेलेल्या अर्ध्यात आलंय. वरची कडाच दिसतेय नुसती. माझा फोन ती वाचणार नाही.

मुकादम – हलवा, आपटा, काहीतरी करा!

मॅडम – आपटा असं सांगू नका मला. हलवा... आडवा धरते. आडवा धरला की चित्र फिरतं. फिर ना. फिर रे बाबा. फिरलं! सगळं आलं चांगल्या बाजूला! दिवा लांब न्या, चमकतंय. माझा फोन धरते समोर. घेतलं. जोडला. काका, जोडला गेला!

मुकादम – मग फोन लावा ना!

मॅडम – साइट ऑफिसला लावतेय. वाजतोय. कुणी उचलत नाही. मशीनच्या आवाजात ऐकू जात नसेल. मेसेज पाठवते, सगळ्यांच्या ग्रुपवर. ‘मशीन थांबवा. आत तीन माणसं जिवंत आहेत. मोजणीच्या भोकाजवळ.’ गेला.

मुकादम – गेला म्हणजे पोचला?

मॅडम – एकच खूण आली. दुसरी आली. पण कुणी बघितला नाहीये.

मुकादम – ही पोरं एरवी जेवतानासुद्धा फोनमध्ये डोकं घालून बसतात!

मॅडम – पुन्हा फोन लावतेय. बाजूला व्हा काका, पाणी पडतंय आता वरून. राखाडी पाणी. ड्रिलवर सोडतात ते पाणी आहे हे, भोक जवळ आलंय. उचला कुणीतरी, उचला, उचला...

मुकादम – मी याच्या अंगावर वाकून बसतो. तुम्ही भिंतीला चिकटा. मॅडम, तुमच्या घरी कोण आहे?

मॅडम – आता नका विचारू. उचलला! हॅलो! मी आत आहे! बोगद्यात! हो, मीच! मुकादम, वायरमन आणि मी! मशीन बंद करा, आधी बंद करा, मग बोला!

(घरघर आणखी थोडा वेळ चालते. मग थांबते.)

मुकादम – मॅडम.

मॅडम – हं.

मुकादम – काही ऐकू येत नाहीये मला.

मॅडम – मलाही नाही.

मुकादम – बरं वाटतंय.

मॅडम – ते बोलतायत. थांबा, ऐकू द्या. हो. हो साहेब. वरून कुणी खणणार नाही. आपण आत आलो त्या तोंडातून येतायत, हाताने खणत. मशीन अजिबात नाही. वेळ लागेल म्हणतात. याच मोजणीच्या भोकातून, वायरीशेजारून, आधी हवेची बारीक नळी सोडतील. साइटवरचे डॉक्टर विचारतायत, हात अडकलेल्या माणसाला हलवलं का?

मुकादम – नाही म्हणावं. आणि हलवणारही नाही.

मॅडम – तुमची मुलगी आलीये तिथे. पडझडीचं कळल्यावर धावत आली. तिला वाटत होतं तुम्ही दोघं बाहेरच कुठेतरी आहात, सगळ्यांना विचारत फिरत होती. बोलताय का?

मुकादम – मी काय बोलू? याच्या कानाशी धरा. बाळा, बोल रे. फोनवर ती आहे.

वायरमन – हॅलो. हो, मीच. नाही, फार नाही लागलं. तू रडू नकोस. हो, जेवतो. बाहेर आलो की जेवतो.

मॅडम – ठेवते हं फोन, बॅटरी पुरवायला हवी. काका, आता तुम्हीही टेका जरा. पुन्हा हात आत कशाला घातलात? खडे अजून पडतायत.

मुकादम – पडू देत.

वायरमन – मामा, खरं सांगा. माझा हात आहे का?

मुकादम – आहे. मी धरलाय.