अंगठीच्या तारा

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत मैनाबाईंना खिडकी मिळाली नाही, पण त्याहून मोठा लाभ पुढच्या बाकावर झाला: नुकताच साखरपुडा झालेलं जोडपं, आणि मुलीचं बोट रिकामं.

“प्रणाली, अंगठी काहून नाही घातली? आई पयले बोटच पाहीन.”

“विरघळवली.”

“काय?”

“प्रयोगासाठी मागवलेलं प्लॅटिनम आलंच नाही, अमोल. प्रबंध तं द्यायचाच होता. अंगठी प्लॅटिनमचीच होती, ती आम्लात विरघळवली, त्या द्रावणात बारीक भोकांची जाळी ठेवून वीज सोडली. भोकाभोकात प्लॅटिनम भरलं. मंग जाळीच विरघळवून टाकली.”

“अन् मंग राह्यलं काय?”

“तारा. केसाहून कितीतरी बारीक. हा फोटो पाय.”

“बाप्पा! हे तं गव्हाचं उभं वावर दिसून राह्यलं.”

“रागावला नाही ना?”

“एक बी तार वाकडी नाही वो! थांब, आईले फोन लावतो. हॅलो, आई? प्रणालीची अंगठी माह्या हातून हारपली.”

पुढचं मैनाबाईंना फोनशिवायही ऐकू आलं असतं. तारा प्रणालीच्या झाल्या. शिव्या मात्र मूर्तिजापूरपर्यंत एकट्या अमोलनं खाल्ल्या, त्याही फोटोवरची नजर न काढता.