शिवांशच्या पायातली ओढणी

हॅलो? … हॅलो, कोण? … शीतल? बोल बाई, बोल. मोठ्यानं बोल, मागं मशिनीचा आवाज येऊन राह्यला. … सुट्टी झाली का जेवणाची? बरं.

हो, हो… आहे मजेत तुझा शिवांश. खाल्लं. दूध-भाकरी कुस्करून दिली, वाटीभर खाल्ली. … न्हाई, ताप-बीप काही न्हाई. … अगं ऐक ना. आधी आजीचं ऐक. सकाळपासून तुझ्या फोनची वाट बघून राह्यले मी.

… अगं, पडला न्हाई तो! ऐकशील का?

सकाळी भाकरी थापून उठले. म्हणलं, शेळीला पाला टाकून यावं. उंबऱ्याकडं निघाले, तर हे लेकरू काय करतं… माझ्या लुगड्याची चिंधी ओढली, खाटेच्या पायापाशी जाऊन बसलं, अन् पाय पुढं केला. … हो, पाय. असा लांब. अन् मला म्हणतं, "बांध."

… हो. "बांध" म्हणला. अडीच वर्षांचं लेकरू, चार शब्द धड येत न्हाईत, अन् त्यातला एक "बांध"?

मला वाटलं, खेळून राह्यला. मी हसलेसुद्धा. पण तो हसला न्हाई, रडला न्हाई. नुसता पाय पुढं करून बसला.

शीतल, तुझ्या लेकराला कोण बांधतं? … हॅलो? … गेला का फोन? … मंग बोल ना.

मावशी? कोणती मावशी? … गावाला गेली म्हणून दोन दिवस माझ्याकडं धाडलं, तीच ना? तुमच्या खोल्यांच्या ओळीतली, लेकरं सांभाळणारी? … अन् किती लेकरं तिच्याकडं? … बाप रे! एकटी बाई, अन् पत्र्याची एक खोली? … दाराला कडी न्हाई, समोरून टेम्पो पळतात. हां… म्हणून बांधते. … न्हाई गं, तिला शिव्या देत न्हाई मी. ती तरी किती जणांच्या मागं धावंल?

पण तुला माहीत होतं का? … शीतल. हो का न्हाई, एवढंच सांग.

… ओढणी? कुणाची ओढणी? … तुझी? … तूच दिली? सुती, मऊ… दोरी काचू नये म्हणून. … तुझा वास येतो, मंग गप बसतो.

अगं माय… माय, माय, माय…

न्हाई, आहे मी. इथंच आहे. जरा टेकले फक्त. … रडू नको. बायका बघतील. डोळे पूस.

… हो, आमच्या वेळेलाबी बांधायचे, खरं आहे तुझं. निंदायला गेलं की लेकरू गाडीच्या चाकाला. पण मान वळवली की दिसायचं गं ते. रडलं की ऐकू यायचं.

अन् सगळीकडं तसंच होतं असं न्हाई. बहात्तरचा दुष्काळ. तुझा बाप, कल्याण, तेव्हा शिवांशएवढा. हसनाबादच्या अलीकडं तलावाचं काम निघाल्तं, मी माती वाहायची. … ऐक ना, मुद्द्याचंच सांगून राह्यले! तिथं कामावरच्या लेकरांसाठी ताडपत्रीची सावली केल्ती. नंदाबाई म्हणून एक म्हातारी लेकरं बघायची. तिनं कधी घमेलं उचललं न्हाई, पण हजेरी आमच्याबराबर, मजुरी आमच्याएवढीच. लेकरं बघणं हेच तिचं काम. सुकडी खाऊ घालायची, ओल्या मातीचे बैल करायला लावायची, लहान खडे इकडं, मोठे तिकडं. तुझा बाप मोजायला तिथं शिकला. पोटाला सरकारी लाल मिलो ज्वारी होती आमच्या, तरी लेकराला सावली होती.

अन् तुमच्या बियाण्याच्या कारखान्यात लेकरांसाठी काय आहे? … काहीच न्हाई? … बियाण्याला थंड खोली आहे, तूच म्हणल्ती ना दिवाळीला? स्वेटर घालून जावं लागतं म्हणून. … हां, उगवण बिघडू नये म्हणून. अन् लेकराचं काही बिघडत न्हाई का गं?

… अंगणवाडी दुपारी बंद, अन् तू सुटते संध्याकाळी. … शहरातलं ते रंगीत चित्रांचं पाळणाघर? … त्यालाच अर्धा पगार? मंग बाईनं कमवायचं कशाला?

… मी ठेवू? कायमचा? ठेवला असता. पण दारातली ती शेळी आहे का कुत्रं, हेच मला दिसत न्हाई. वाड्यामागं विहीर, तिला कठडा न्हाई. तुझी आई दिवसभर कापसात. आठ दिवसांत मीच बांधीन त्याला. बोल, चालंल?

… मंग साहेबाला विचारलंस का? … काढून टाकतील. हां, एकटीला काढतील. तुमच्यात लेकुरवाळ्या किती? … मंग त्यांच्याशी बोल ना. … काय? समोरच बसल्यात? … फोन स्पीकरवर? सगळ्या ऐकून राह्यल्या? कवापासून? … बिलकुल लाज न्हाई तुला! … राम राम, बायांनो.

कोण बोलतंय? … अंजू? बोल पोरी. … तुझी लेक पण? सुट्टीच्या दिवशी, तू घरी असून? पाय पुढं करते? … अन् तू गं, दुसरी? तुझाही? … अरे देवा. मला वाटलं, माझ्याच घरात हे…

ऐका. रडून काय होणार? गेटापाशी एखादी रिकामी खोली असंल ना? … गोण्यांची? गोण्या जातील की दुसरीकडं! ती मागा. दाराला कडी, अंगणात माती. त्या मावशीलाच ठेवा, जोडीला गाणी-गोष्टी शिकवणारी एक पोरगी. दोघींना पगार तुमच्याएवढा, खर्च कारखान्याचा. अन् सगळ्या मिळून जा, एकटी कुणी नको. दुष्काळात मिळाल्तं, तेवढंच मागून राह्यलो आपण.

… न्हाई ऐकलं तर? शीतल, सोमवारी तू न्यायला येऊ नको. मीच आणते त्याला, अन् बसते गेटासमोर लिंबाखाली. … हसू नका गं. मला कोण काढणार कामावरून? … तुझा आजा ओसरीवरून ओरडतो, मलाबी ने. … तुम्ही आधी गुडघा सरळ करा हो! … तुला न्हाई गं.

… म्हणजे जाल साहेबाकडं? आजच? … सगळ्या? … भोंगा झाला का? जा, जा… थांब! अगं हा बघ, मी उठायला गेले तर चिंधी घेऊन आला. … न्हाई, स्वतःला न्हाई. माझ्या पायाला गुंडाळून राह्यला! "बस" म्हणतो मला. … शीतल, ऐकलंस का? … हॅलो? … हॅलो?

गेली रे तुझी आई कामावर.

बांध राजा, बांध. सोमवारी सकाळी तेवढं सोड मला. आपल्याला गेटावर जायचंय.