ताईचं खारं पाणी

नाही, पावडर फुटली त्याचं मला काही वाटत नाही हो, पावडरच ती... पण ताईनं असं करावं? आता ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे, प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर असते, मला सीनियर, पहिल्याच दिवशी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला, तेव्हापासून मी तिला ताई म्हणत होतो!

तर ही पावडर. तुम्हाला सांगतो, दिसायला विटकरी, सांडली तर तुम्ही झाडून टाकाल, पण आतून नुसती भोकंच भोकं! लोखंडाचे कण, त्यांना जोडणारे सेंद्रिय दुवे, असा इमारतीसारखा सांगाडा, त्याच्या खोल्याखोल्यांत औषध भरायचं आणि शरीरात गेल्यावर ते दिवसभर थोडं थोडं बाहेर यावं. हा खटाटोप कशासाठी? तर माझे बाबा गुडघ्यासाठी सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळ्या घेतात, आणि गुडघ्यापेक्षा पोटच धरून जास्त बसतात. त्यांना एका गोळीत दिवस निघावा, बस!

साध्या पाण्यात माझी पावडर काय वागली म्हणता... आमचे सर रजा देतात ना, तसं जपून जपून औषध सोडत होती. मी ताईला म्हटलं, आता खाऱ्या पाण्यात बघू, शरीरात काय साधं पाणी असतं थोडंच? तर म्हणाली, "तू कशाला त्यात पडतोस? ते मी बघते. तू आपला पावडर कर." किती ती माया! मी रोज विचारतोय, काय झालं, आणि ही रोज सांगतेय, चाललंय रे, छान चाललंय... आणि मी तिला ताई म्हणत होतो!

मग सरांसमोर बैठक. मी रुबाबात माझा साध्या पाण्याचा प्रयोग दाखवतोय, सर मान डोलावतायत, तेवढ्यात ताई उठली, हातात स्वतःचा चंबू, आवाज असा मधाळ, "सर, शरीरातल्यासारखं खारं पाणी आणलंय. यात घालून बघू या का?" घातली. थोड्या थोड्या वेळानं नमुना काढून यंत्रात ठेवला, तर पडद्यावरची सुटलेल्या औषधाची रेघ जी वर गेली ती गेलीच! दिवसभर पुरायचं औषध सरांचा चहा संपेपर्यंत सगळं बाहेर! त्या पाण्यातल्या फॉस्फेट नावाच्या क्षारानं माझं लोखंड ओढून घेतलं आणि इमारत खाली. सर चष्मा काढून माझ्याकडे बघतायत, मी ताईकडे बघतोय, म्हटलं आता ही सावरून घेईल... सावरलं की! म्हणाली, "मला हे आधीच दिसलं होतं सर, म्हणून मी दाण्यांवर पातळ वेष्टन चढवलंय." आणि काढला आलेख. औषध दिवसभर, सावकाश. पावडर माझी, वेष्टन तिचं आणि शोधनिबंध? तोही तिचा. मी आभारांमध्ये, जनरेटर सुरू करणाऱ्या काकांच्या खाली... आणि मी तिला ताई म्हणत होतो!

घरी बाबांना सांगितलं, वाटलं, हे तरी चिडतील. सगळं ऐकून घेतलं, गुडघा चोळला आणि म्हणाले, "म्हणजे आता टिकतंय ना औषध? हुशार आहे हो पोरगी." सख्खा बाप!

काल ती टेबलाशी आली. मान खाली, हातात रिकामी डबी. "तुझ्यासारखी पावडर माझ्याच्यानं होत नाही रे, गोळे होतात. देशील थोडी करून?" आता हिला काय काय सुनवायचं ते मी आंघोळ करताना, जेवताना, जिन्यात, सगळीकडे पाठ करून ठेवलं होतं, एकेक वाक्य धार लावलेलं... तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं असेल?

"ताई, डबी नीट कोरडी करून आणलीयस ना?"