सुरुंगाच्या पुस्तकांचं कपाट

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, खरेदी समितीची विद्वान मंडळी, सहकारी, माझ्या मुलामुलींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या ग्रंथपाल बाई,

मी संख्याशास्त्र शिकवते. ‘बोला, पण गोड बोला,’ असं मघाशी कानात सांगण्यात आलं. ते मला जन्मात जमलेलं नाही, त्याला काय करू?

आमच्या मुलांना डेटा मायनिंग शिकायचं होतं. म्हणजे माहितीच्या ढिगातून कामाचं तेवढं हुडकून काढायचं. बाईंनी चांगली पुस्तकं मागितली. समितीने ‘मायनिंग’ तेवढं वाचलं. काय आलं? कोळशाच्या खाणी! सुरुंग कसा लावावा, खाणीतलं पाणी कसं उपसावं! परत पाठवा म्हटलं, तर म्हणे, ‘राहू द्या, कपाट भरलेलं दिसतं.’ हसताय काय?

मग बाईंनी इंटरनेट पालथं घातलं. तिथे ‘आठवड्यात तज्ज्ञ व्हा’ म्हणणारे पैशाला पासरी. बाई एकेक धडा आधी स्वतः करून बघायच्या. उदाहरण चालेना की म्हणायच्या, ‘हा नको गं, नुसता फुगा आहे.’ जे टिकले ते मुलांना शेजारी बसवून दाखवायच्या, कुणाला गणितापासून, कुणाला थेट सरावापासून. त्याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही.

आणि आता समितीचा अहवाल आला. डेटा मायनिंगच्या कपाटातलं एकही पुस्तक कुणी नेलं नाही, सबब मुलांना रस नाही, सबब ग्रंथपालाचं पद रद्द! अहो, ती पुस्तकं नेऊन पोरांनी काय करायचं होतं, कॉलेज उडवायचं? घोळ तुमचा आणि घरी बाईंनी जायचं? तळपायाची आग मस्तकात जाते माझी. बाई, नका खुणावू. तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणता, मी नाही म्हणणार.

अध्यक्षमहोदय, आदेशावर तुमची सही अजून व्हायची आहे आणि निरोपाची फुलं मात्र आधीच आली. म्हणून इथेच विचारते. मुलांनो, ज्यांना बाईंनी या विषयाची वाट दाखवली, त्यांनी उभं राहा.

साहेब, मान वर करा. समितीच्या अहवालात नव्हती ती ही मंडळी. सही करायची की नाही, ते यांच्याकडे बघून ठरवा.

बोलू दिलंत, आभारी आहे. शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर पोटात घाला. आवाज चढला, त्याची मात्र माफी मागत नाही. पोरांनो, बसायची घाई करू नका, साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.