फार्मसीवाल्या सुनेचं लेकरू

अगं, सगळ्यात आधी झोळीचं करकरणं थांबलं, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचं मेडिकल तलवाड्यात, घराच्याच पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत झोळीत आमची चिऊ. माझं लग्नच मुळी डी.फार्म.वर जमलेलं. सासूबाईंचं म्हणणं एकच, फार्मसीवाली सून केली की दुकानही चालतं आणि लेकरूही डोळ्यांपुढं राहतं.

पडदा सारून बघते, तर झोळी रिकामी! सासूबाईंना फोन लावला, तर नुसती रिंग. नवरा माल आणायला बीडला गेलेला, तोही उचलेना. काउंटरवर बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले गावातले एक मामा म्हणाले, "बाई, लई कापायलाव तुमी. आधी तुमीच एक गोळी खावा."

"मामा, माझं लेकरू न्हाई झोळीत!"

"मग जावा की! दुकान कुठं पळतंय?"

दुकान त्यांच्या हवाली करून मी तशीच अनवाणी रस्त्यावर आले आणि पुन्हा सासूबाईंना फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला.

"कावून सारखी फोन लावायलीस गं? चिऊ माझ्यापाशी हाय. गल्लीतल्या मास्तरांची पोरगी फार्मसी नको, इंजिनिअरिंगलाच जाते म्हणून अडून बसलीय, कुणाचं ऐकंना. म्हणून चिऊला उचलून मागच्या दारानं त्यांच्या घरी घेऊन आले. म्हणलं बघ बाई, फार्मसी केली की कसं गुटगुटीत लेकरू होतं!"